किंमत प्रिंटरची पाहावी की पानाची?

घरगुती प्रिंटर आणि त्याच्या शाईचा खर्च या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढील तीन उत्तरांना लागणारा बराचसा हिशेब त्यातच येऊन जातो.

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. मुलगी सातवीत आणि मुलगा चौथीत आहे. शाळेचे प्रकल्प, सरावपत्रिका, अर्ज, तिकिटे असे सगळे मिळून महिन्याला सुमारे ६० पाने छापावी लागतात; त्यांतील १५ रंगीत असतात. दुकानात आम्हाला साडेतीन हजारांचा कार्ट्रिजचा आणि बारा हजारांचा इंक टँकचा असे दोन प्रिंटर दाखवले. दुकानदार म्हणतो, ‘टँकच घ्या, दहा पैशांत पान पडेल.’ माझे यजमान म्हणतात, ‘वरच्या साडेआठ हजारांत वर्षानुवर्षे कार्ट्रिज घेता येतील.’ कोणाचे ऐकावे? — एक गृहिणी, नाशिक

उत्तर : आपण महिन्याला किती पाने लागतात हे मोजून कळवलेत, याबद्दल प्रथम आभार मानतो. बहुतेक पत्रांत प्रिंटरची किंमत असते आणि पानांची संख्या नसते. ती नसली की या प्रश्नाला उत्तर देणे म्हणजे गाडी किती धावणार हे न विचारता पेट्रोलचा खर्च सांगण्यासारखे होते.

यजमानांचा हिशेब आधी घेऊ. स्वस्त प्रिंटरला लागणाऱ्या छोट्या कार्ट्रिजच्या, म्हणजे शाई संपली की बदलायच्या डबीच्या, खोक्यावर काळ्यासाठी १२० आणि रंगीतसाठी १०० पाने असे आकडे अनेकदा दिसतात. समजा, काळी कार्ट्रिज ९०० रुपयांना आणि रंगीत ११०० रुपयांना मिळते. (भाव बदलत राहतात, आपल्या दुकानातील आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करावा.) म्हणजे काळ्या शाईचा खर्च पानामागे साडेसात रुपये आणि रंगीत शाईचा अकरा रुपये झाला. येथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. रंगीत पानावरही मजकूर काळाच असतो, त्यामुळे त्या पानाला दोन्ही खर्च लागू होतात आणि ते साडेअठरा रुपयांना पडते. आपल्या ६० पानांची काळी शाई ४५० रुपये आणि १५ पानांची रंगीत शाई १६५ रुपये, असे महिन्याला ६१५ रुपये होतात. साडेआठ हजार रुपये या गतीने ‘वर्षानुवर्षे’ पुरत नाहीत. ते १४ महिन्यांत संपतात.

टँकच्या, म्हणजे बाटलीतली शाई टाकीत ओतायच्या प्रिंटरच्या, बाजूने पाहिले तर काळ्या शाईची बाटली समजा ४५० रुपयांना मिळते आणि तिच्यावर ४५०० पाने लिहिलेली असतात, तर तिन्ही रंगांच्या बाटल्या मिळून १३५० रुपयांना येतात आणि त्यांच्यावर ७५०० पाने लिहिलेली असतात. पानामागे अनुक्रमे १० आणि १८ पैसे. आपला महिन्याचा खर्च नऊ रुपयांच्याही आत येतो. दुकानदाराने सांगितलेले दहा पैसे, निदान काळ्या पानापुरते, खोटे नाहीत.

मात्र हे १२०, १०० किंवा ४५०० आकडे कोठून येतात हे कळल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नये. इंकजेट प्रिंटरच्या शाईतून किती पाने निघतात हे मोजण्याची पद्धत आयएसओ/आयईसी २४७११ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरवून दिलेली आहे, आणि त्यासाठी कोणती पाने छापायची हे २४७१२ या सोबतच्या मानकात दिलेले आहे. किमान तीन प्रिंटर आणि एकूण किमान नऊ कार्ट्रिज घेऊन, २३ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या खोलीत, ठरलेली पाने एकामागून एक सलग छापत जायची आणि मग सरासरी काढायची, अशी ही रीत आहे. दोन कंपन्यांची तुलना करण्यासाठी ती उत्तम आहे. आपल्या घरी काय होईल हे सांगण्यासाठी ती बेतलेली नाही. आपल्याकडे कोणीही एका बैठकीत १२० पाने छापत नाही. सोमवारी तीन पाने, मग शुक्रवारी रात्री साडेदहा वाजता ‘उद्या प्रकल्प द्यायचा आहे’ म्हणून आठ पाने, आणि त्यानंतर दहा दिवस काहीच नाही, अशी घरगुती छपाईची चाल असते. एवढ्या खंडानंतर प्रिंटर सुरू झाला की शाईची सूक्ष्म छिद्रे मोकळी करण्यासाठी तो आधी स्वतःचे हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, साफ करतो. ही सफाई शाईनेच होते आणि ती शाई कागदावर न येता प्रिंटरच्या तळाशी असलेल्या शोषक गादीत जाऊन मुरते. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने थांबून-थांबून छपाई करून चाचण्या घेतल्या, तेव्हा काही प्रिंटरमध्ये निम्म्याहून अधिक शाई अशा देखभालीतच गेल्याचे आढळले होते. म्हणजे खोक्यावरची १२० पाने आपल्या घरी ६० ते ७० वर आली तर नवल वाटू नये, आणि मग साडेसात रुपयांचे पान पंधराच्या घरात जाते.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही चार आठवडे गावी गेलो होतो. निघताना रंगीत कार्ट्रिज अर्ध्याहून अधिक भरलेली होती. परत आल्यावर छापलेल्या पहिल्या पानावर पांढऱ्या रेघा उमटल्या, म्हणून संगणकावरून ‘हेड क्लीनिंग’ची आज्ञा दिली, एकदा, दोनदा, पाच वेळा. पाचव्या वेळी रेघा गेल्या आणि त्याबरोबर शाईही संपली. त्या कार्ट्रिजच्या उरलेल्या अर्ध्या भागातून मी एकच पान छापले, ते म्हणजे ‘शाई संपत आली आहे’ हे सांगणारे.

दुसरी बाब कागदावर किती रंग बसतो याची आहे. मानकातील पानांवर मजकूर आणि चित्रे यांचे बेताचे मिश्रण असते. मुलांच्या प्रकल्पात रायगडाचे पानभर छायाचित्र असते आणि त्याच्या निम्म्या भागात निळे आकाश असते. असे एक पान मानकातील कित्येक पानांएवढी शाई पिते. स्वस्त प्रिंटरमध्ये निळसर, किरमिजी आणि पिवळी अशा तिन्ही शाया एकाच कार्ट्रिजमध्ये असतात, त्यामुळे आकाशापायी निळसर शाई संपली की उरलेल्या दोन रंगांसह सबंध कार्ट्रिज टाकून द्यावी लागते. टँकमध्ये प्रत्येक रंगाची टाकी वेगळी असते आणि जी रिकामी होईल तेवढीच भरायची असते.

आता टँकविषयीही सावध व्हा. महिन्याला १५ रंगीत पाने या दराने ७५०० पाने छापायला आपल्याला ४१ वर्षे ८ महिने लागतील. तोवर चौथीतल्या चिरंजीवांनी पन्नाशी ओलांडलेली असेल. तेव्हा एवढ्या पानांच्या शाईचा आकडा आपल्याला मोहात पाडण्याइतका उपयोगाचा नाही. आपल्यासारख्या मध्यम वापराच्या घरात टँकचा खरा फायदा असा, की सफाईत वाया जाणारी शाईदेखील स्वस्त असते. चार वेळा हेड साफ करावे लागले तरी काही रुपयांचेच नुकसान होते. धोका आहे तो हेडचा. बऱ्याच स्वस्त प्रिंटरमध्ये हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते, त्यामुळे नवी कार्ट्रिज बसवली की हेडही नवे मिळते. टँकच्या बऱ्याच प्रिंटरमध्ये मात्र हेड यंत्राचाच भाग असते. ते कायमचे तुंबले, तर वॉरंटी संपल्यानंतर त्याच्या बदलीचा खर्च ऐकून अनेक जण नवा प्रिंटरच पाहू लागतात. शिवाय शोषक गादीही कधीतरी भरते आणि ती बदलून घ्यावी लागते.

साडेतीन हजारांचा प्रिंटर एवढा स्वस्त का असतो, याचेही उत्तर वरच्या हिशेबात आहे. या धंद्याची रीत यंत्र अल्प नफ्यात किंवा प्रसंगी तोट्यातही विकायचे आणि नफा शाईतून काढायचा अशी होती आणि अजूनही बऱ्याच अंशी आहे. दुकानांतून बाहेरची बाटली आणि नळी लावून टँक जोडून देणारे कारागीर आशियातल्या अनेक शहरांत निघाले, तेव्हा कंपन्यांनाही विचार करावा लागला. एप्सनने ऑक्टोबर २०१० मध्ये कारखान्यातूनच टँक बसवलेला प्रिंटर प्रथम इंडोनेशियात आणला आणि पुढच्याच वर्षी तो भारतात आला. नंतर इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. टँकच्या प्रिंटरची किंमत जास्त वाटते त्याचे कारण असे, की तेथे यंत्राचे पैसे यंत्राच्या वेळीच घेतले जातात.

तेव्हा आपण टँकचा प्रिंटर घ्यावा, असे माझे मत आहे. पहिल्या बाटल्यांची काही शाई नळ्या भरण्यातच जाते, त्यामुळे पहिल्या खेपेला पाने कमी निघाली तर तो दोष समजू नये. कार्ट्रिजचाच घ्यायचे ठरले, तर सोबत मिळणारी कार्ट्रिज अनेकदा पूर्ण भरलेली नसते, हे दुकानातच विचारून घ्यावे. आठवड्यातून एकदा चारही रंग असलेले एखादे पान छापत जावे. आणि प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद न करता आधी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, कारण तेव्हाच हेड आपल्या जागी जाऊन झाकले जाते. नाशिकच्या उन्हाळ्यात उघडे राहिलेले हेड सुकायला फार दिवस लागत नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून दापोली तालुक्यातील एका गावी राहतो. पेन्शनचे कागद, बँकेचे अर्ज, ग्रामपंचायतीशी पत्रव्यवहार अशी महिन्याला दहा-बारा पाने लागतात, तीही काळीच. दोन वर्षांत तीन कार्ट्रिज वाळल्या. पावसाळ्यात कागदही अडकतो. मुलगा लेझर प्रिंटर पाठवतो म्हणतो. झेरॉक्सचे दुकान चार किलोमीटरवर आहे. — एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : गुरुजी, आपले दुकान चार किलोमीटरवर नसून चार पावलांवर असते, तर प्रिंटर घेऊच नका असे मी म्हटले असते. वर्षाला १२० ते १४० पाने म्हणजे दुकानात दोन-तीन रुपये पानाने फार तर सव्वाचारशे रुपयांचे काम आहे, आणि तेवढ्यासाठी दहा-बारा हजारांचे यंत्र घरात ठेवणे हिशेबात बसत नाही. परंतु कोकणातल्या जुलै महिन्यात एका अर्जासाठी चार किलोमीटर जाऊन भिजत परत येण्याची किंमत मला पैशांत मांडता येणार नाही. ती आपणच ठरवावी.

घ्यायचाच असेल, तर मुलाचा सल्ला योग्य आहे. लेझर प्रिंटरमध्ये शाई नसून टोनरची कोरडी पूड असते. ती विद्युतभाराने कागदावर बसते आणि मग तापलेल्या रुळाखालून जाताना वितळून चिकटते. जे मुळातच कोरडे आहे ते वाळणार कसे? तीन महिने प्रिंटर बंद राहिला तरी पहिलेच पान स्वच्छ येते. सोबत मिळणारा टोनर सहाशे-सातशे पानांचाच असला तरी आपल्याला तो चार वर्षे सहज पुरेल. त्यामुळे टोनर महाग आहे की स्वस्त, हा प्रश्न आपल्यापुरता जवळजवळ उरतच नाही.

दोन अडचणी मात्र सांगून ठेवतो. रूळ तापवताना लेझर प्रिंटर काही क्षण कित्येकशे वॉट वीज खेचतो, म्हणून तो संगणकाच्या यूपीएसवर किंवा लहान इन्व्हर्टरवर लावू नये. वीज आल्यावरच छपाई करावी. दुसरी अडचण कागदाची आहे, आणि ती कोणत्याही प्रिंटरला येणारच. दमट हवेत कागद ओल धरतो, वाकतो, दोन-दोन पाने चिकटून आत जातात, आणि लेझरमध्ये तर ओलसर कागदावर छपाई फिकटही येते. ट्रेमध्ये रीम भरून ठेवण्याऐवजी लागतील तेवढीच पाने घालावीत आणि उरलेली रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून कपाटात ठेवावी. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ ती तांदळाच्या डब्याशेजारच्या पत्र्याच्या पेटीत ठेवतात, आणि त्यांच्याकडे कागद अडकत नाही.

प्रश्न : सोलापूरला माझे शिकवणी वर्ग आहेत. महिन्याला सुमारे ८०० पानांच्या नोट्स लेझर प्रिंटरवर काढतो. कंपनीचा टोनर परवडत नाही, म्हणून रिफिल करून घेतो. रिफिलने प्रिंटर खराब होतो असे कंपनीचा माणूस सांगतो, आणि रिफिल करणारा म्हणतो काही होत नाही. शिवाय नव्या प्रिंटरमध्ये रिफिल चालतच नाही असेही ऐकले. खरे काय? — एक शिक्षक, सोलापूर

उत्तर : ८०० पानांना मूळ टोनर समजा दोन रुपये पानाने पडत असेल, तर महिन्याला १६०० रुपये होतात, रिफिल ३०० रुपयांत होऊन त्यातून दीड हजार पाने निघत असतील, तर तेच काम १६० रुपयांत होते. एवढा फरक असताना रिफिल करू नका असे सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आपल्याकडील कचेऱ्यांत आणि वकिलांच्या टेबलांवर एचपीचा लेझरजेट १०२० वर्षानुवर्षे टिकून राहिला, त्याला त्याच्या मजबुतीइतकेच ‘१२ए’ या टोनरचे कोणत्याही तालुक्याच्या गावी होणारे रिफिलही कारण आहे. कंपनीच्या मोजणीने त्या टोनरमधून २००० पाने निघतात.

तरीही रिफिल म्हणजे केवळ पूड भरणे नव्हे. १२ए सारख्या कार्ट्रिजमध्ये ड्रम म्हणजे पानाची प्रतिमा आधी जिच्यावर उमटते ती नळकांडी, तो भारित करणारा रूळ म्हणजे पीसीआर, आणि पूड खरवडणारी पाती हे सगळे आतच असतात, आणि ते पुडीपेक्षा अधिक काळ टिकत असले तरी कायमचे टिकत नाहीत. दोन-तीन रिफिलनंतर पानावर उभ्या काळ्या रेघा किंवा ठरावीक अंतराने परत-परत येणारा ठिपका दिसू लागला, तर पूड बदलून उपयोग नाही. ड्रम बदलावा लागतो. कंपनीचा माणूस ज्याला ‘खराब होणे’ म्हणतो ते बहुतेक वेळा एवढेच असते. खरे नुकसान होते ते गळणाऱ्या पुडीने. जुनी पूड पूर्ण न काढता वर नवी भरली, किंवा त्या मॉडेलची नसलेली पूड भरली, तर ती प्रिंटरच्या आत सांडते आणि तापलेल्या रुळावर बसते. म्हणून रिफिल करणारा जुनी पूड काढतो का, हे एकदा समोर उभे राहून पाहावे. स्वतः घरी भरण्याच्या भरीस पडू नये; ती पूड अतिशय बारीक असते आणि श्वासावाटे आत जाते.

नव्या प्रिंटरविषयी आपण ऐकले ते बऱ्याच अंशी खरे आहे. अनेक कार्ट्रिजवर आता एक छोटी चिप असते, आणि तिच्याशी प्रिंटरचे जुळले नाही तर तो छपाई नाकारतो. काही प्रिंटर इंटरनेटवरून स्वतःचे सॉफ्टवेअर अद्ययावत करून घेतात आणि काल चालणारी बाहेरची कार्ट्रिज आज नाकारतात. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरबाबत असे घडले तेव्हा जगभर ओरड झाली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात असा निर्णय दिला, की एकदा कार्ट्रिज विकल्यानंतर तिच्या पुनर्वापराला पेटंटच्या आधारे हरकत घेता येत नाही. तो निर्णय त्या देशापुरता आहे, आणि तेथेही त्याने चिपचे कुलूप उघडले नाही. न्यायालयात जिंकलेला माणूसही प्रिंटरसमोर हरू शकतो.

म्हणून आपल्यासारख्यांनी नवा प्रिंटर निवडताना उलट्या बाजूने सुरुवात करावी. आपला रिफिल करणारा कोणते मॉडेल आनंदाने भरतो आणि कोणत्याला चिप वेगळी घ्यावी लागते हे आधी विचारावे, आणि मग दुकानात जावे. मुंबईकर लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाण्याआधी हेच करतात. ज्या मॉडेलमध्ये ड्रम आणि टोनर वेगवेगळे असतात, ते आपल्या वापराला अधिक सोयीचे पडेल, कारण टोनर दर दोन महिन्यांनी संपला तरी ड्रमला हात लावावा लागत नाही. वॉरंटीच्या काळात मात्र मूळ टोनरच वापरलेला बरा, म्हणजे बिघाड झाल्यास वादाला जागा राहत नाही.

एक पुरवणी, नाशिकच्या भगिनींसाठीही : हा सल्ला टोनरपुरताच आहे. टँकच्या प्रिंटरमध्ये बाहेरची स्वस्त शाई भरू नये. मूळ बाटलीतच पान दहा पैशांना पडत असताना तेथे वाचणारे पैसे नगण्य असतात, आणि पणाला लागते ते हेड.

प्रश्न : मी पुण्यात वसतिगृहात राहते. मला फक्त काळी छपाई लागते, तरी रंगीत कार्ट्रिज संपली म्हणून प्रिंटर थांबतो. ही लबाडी नाही का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : काही वेळा असते, काही वेळा नसते. ज्या प्रिंटरमध्ये हेड यंत्रात बसवलेले असते, तेथे एखादा रंग पूर्ण रिकामा झाला तर हेडमध्ये हवा शिरून ते बिघडू शकते, म्हणून तो थांबतो. ज्या प्रिंटरमध्ये काळी आणि रंगीत अशा दोनच कार्ट्रिज असतात आणि हेड त्यांनाच जोडलेले असते, त्यांपैकी अनेक प्रिंटर संपलेली कार्ट्रिज बाहेर काढून ठेवली की उरलेल्या एकीवर काम करतात. आपला प्रिंटर या जातीचा असेल तर आजच करून पाहावे. छपाईच्या पर्यायांत ‘ग्रेस्केल’ (काळ्या-करड्या छटांतली छपाई) निवडल्यावर ‘फक्त काळी शाई’ असा वेगळा पर्याय दिसत असल्यास तोही निवडावा, कारण नुसत्या ग्रेस्केलमध्ये करडा रंग काही प्रिंटर तिन्ही रंग मिसळून तयार करतात. आणि छपाईच्या खिडकीत कागदाचा प्रकार ‘फोटो पेपर’ असा राहून गेला असेल तर तो ‘साधा कागद’ करावा. फोटो पेपरवर बरेच प्रिंटर काळा रंगही रंगीत शायांतूनच बनवतात.